डोंग लोकांच्या गावात आईला घेऊन जायचंय: झाओशिंग की छंगयांग?

मंजिरी_नाशिक

नमस्कार मंडळी. इथे चीनच्या प्रवासावर दोन-तीन जुने धागे आहेत, पण सगळे बीजिंग-शांघायचे. माझा प्रश्न अगदी वेगळ्या कोपऱ्याबद्दल आहे.

आई ७१ वर्षांची. तीस वर्षं भजनी मंडळात गातेय. मागच्या दिवाळीत भाच्याने तिला फोनवर एक गाणं ऐकवलं. काळ्या-निळ्या चमकत्या कपड्यातल्या, डोक्यावर चांदी ल्यालेल्या बायका गात होत्या. पेटी नाही, तबला नाही, समोर हात हलवणारं कोणी नाही, आणि तरी एकाच वेळी दोन वेगवेगळे सूर. आईने तीनदा ऐकलं. मग म्हणाली, "ह्या श्वास कधी घेतात गं?" तेव्हापासून घरात हाच विषय. भाच्याने शोधून सांगितलं, हे दक्षिण चीनमधले डोंग लोक, ग्वेइचौ, हुनान आणि ग्वांगशी या तीन प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगरात राहतात.

ऑक्टोबरमध्ये चार-पाच दिवस तिकडे काढायचे असं ठरतंय. सगळीकडे दोन नावं दिसतात: ग्वेइचौमधलं झाओशिंग आणि ग्वांगशीमधलं छंगयांग. माझे प्रश्न:
आई सपाटीवर दोन-तीन किलोमीटर चालते, पायऱ्या नको म्हणते. यातलं कोणतं गाव तिला झेपेल?
ती पूर्ण शाकाहारी आहे. काय खाईल?
आणि मुख्य म्हणजे गाणं खरंखुरं ऐकायला मिळेल का, की नुसता स्टेजवरचा कार्यक्रम?

चकली

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नाही, पण तुमच्या आईंना नमस्कार सांगा. ७१ व्या वर्षी गाण्यासाठी डोंगरात जाणारी आई! धाग्यावर ठाण मांडून बसलेय.

भटकभवानी

मी २०१८ साली झाओशिंगला तीन रात्री राहिलेय, त्यामुळे लिहिते.

ग्वेइयांग ते ग्वांगचौ अशी जी वेगवान रेल्वे आहे (२०१४ च्या डिसेंबरात सुरू झाली), तिच्यावर त्सोंगच्यांग नावाचं स्टेशन आहे. नावाने फसू नका, त्सोंगच्यांग शहर तिथून बरंच लांब आहे, झाओशिंग मात्र अगदी जवळ. बसने दहा-पंधरा मिनिटांत गावाच्या वेशीवर. ही रेल्वे यायच्या आधी तिथे जाणं म्हणजे दिवसभराचा घाट होता, असं आमची घरमालकीण सांगायची.

गाव एका चिंचोळ्या दरीत आहे. मधून ओढा, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, वर कौलांची काळी रांग. आठशेच्या वर घरं, म्हणजे डोंग गावांत मोठंच. मुख्य रस्ता जवळजवळ सपाट, तुमच्या आईंना काही त्रास नाही. पायऱ्या लागतात त्या मुक्कामाच्या घरात: खोल्या वरच्या मजल्यांवर असतात आणि जिने उभे. तेव्हा खालच्या मजल्याची खोली आधी सांगून ठेवा.

गावात पाच ढोल-मनोरे आहेत. गावात बहुतेक सगळ्यांचं आडनाव एकच, लू. पण त्यांच्या पाच शाखा, आणि प्रत्येक शाखेचा आपला मनोरा, आपला पूल, आपलं गाण्याचं मंडळ. मनोऱ्यांना नावं दिलीत ती कन्फ्युशियसच्या पाच गुणांची: दया, न्याय, शिष्टाचार, शहाणपण, विश्वास. मनोऱ्याखाली मधोमध शेकोटीची जागा, भोवती जाड लाकडाची बाकं, आणि त्यांवर दिवसभर म्हातारे पत्ते खेळत बसलेले. आपल्या चावडीसारखं. मी पहिल्या दिवशी बिचकत बाहेरच उभी होते. एका आजोबांनी बाकावर थोपटून बसायची खूण केली. पुढचे तीन दिवस संध्याकाळी मी तिथेच होते.

स्टेजवरचा कार्यक्रम रोज असतो. तो बघाच, वाईट नाही. पण खरं काय ते सांगायला गाण्यातलं कळणारं कोणीतरी यायला हवं.

केदार_के

उच्चार डोंग की तोंग?

शेन्झेनकर

चिनी उच्चार "तोंग"च्या जवळ जातो, पण मराठीत डोंग रुळलंय, राहू दे. ते स्वतःला "काम" म्हणतात. त्यांची भाषा चिनी कुळातली नाहीच. थाई भाषा ज्या मोठ्या कुळात येते, त्यातली आहे. पूर्वी लिपी नव्हती. १९५८ मध्ये रोमन अक्षरांवर आधारलेली एक लिपी तयार केली, पण गावात ती वाचणारे कमीच भेटतात. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३५ लाख.

टिचकी

म्हणजे "तुम्ही कोण?" विचारलं की उत्तर येणार "काम". आमच्या आजीला हे लोक फार आवडले असते, तिच्या लेखी जगात तेवढंच खरं होतं.

रोखठोक_रमा

मला एक शंका मनापासून मांडायची आहे, मंजिरीताई रागावू नका. वेशीवर तिकीट घेऊन माणसांचं गाव बघायला जाणं मला पटत नाही. आपण मेळघाटात किंवा जव्हारला जातो तेव्हाही मला हेच बोचतं. लोक जेवतायत, भांडतायत, कपडे वाळत घालतायत आणि आपण फोटो काढतोय. शिवाय मी वाचलं की झाओशिंगचे मनोरे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पाडले गेले आणि नंतर पुन्हा बांधले. मग जुनं म्हणून जे दाखवतात, ते जुनं तरी आहे का?

सुतारपक्षी

रमाताई, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मला बोलायचंच होतं. आमच्या घरात पाच पिढ्या सुतारकी, कुडाळजवळ. मी स्वतः इमारतींचा इंजिनियर झालो, पण लाकूड सुटलं नाही. लाकडी पुलांसाठी म्हणून मी २०१९ मध्ये छंगयांगला गेलो होतो.

मनोरे पाडले गेले हे खरं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने ते पुन्हा उभे केले हेही खरं. पण ते बांधले कोणी? गावच्याच सुतारांनी, जुन्याच पद्धतीने. नकाशा नसतो. मुख्य मिस्त्री एक लांब बांबू अर्धा चिरून घेतो आणि त्यावर सगळ्या इमारतीची मापं शाईने खुणा करून मांडतो. प्रत्येक खांबाची उंची, कुठल्या खांबाला कुठे भोक, भोक केवढं, सगळं त्या एका बांबूवर. हजारो तुकडे आधी जमिनीवर तासून तयार होतात आणि मग एका दिवशी सांगाडा उभा राहतो. जोडाला खिळा नाही. खाच आणि खुंटी. मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या शेजारी दोन तास नुसता बसलो. आम्हाला एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. मी खिशातून ओळंबा काढून दाखवला, त्यांनी त्यांचा काढला. पुढे भाषेची अडचण आली नाही.

ज्या गावाला आपला मनोरा पाडल्यावर तो परत जसाच्या तसा बांधता येतो, त्या गावाकडे जुनं शाबूत आहे. लाकूड नवं असेना का. लाकूड तर तसंही बदलावं लागतं.

मूळचं जुनंच बघायचं असेल तर त्सोंगच्यांग तालुक्यात त्संगछोंग गावाचा मनोरा आहे, १६७२ चा. अष्टकोनी, तेरा छपरांचा. खाली मधोमध चार मोठे खांब वरपर्यंत जातात, सगळा भार त्यांवर. छपरांची संख्या नेहमी विषम असते. वर ढोल टांगलेला. आग लागली, दरोडा पडला, सभा भरवायची असली की कोणीतरी वर चढून तो वाजवायचं, आणि सगळं गाव खाली जमायचं.

सह्यभ्रमर

छंगयांगच्या पुलाबद्दल लिहा ना सुतारपक्षी. फोटोत बघून बघून वेड लागलंय.

सुतारपक्षी

लिहितो. त्यांना "वारा-पावसाचे पूल" म्हणतात, कारण वर छप्पर असतं आणि दोन्ही बाजूंना बसायला बाकं. शेतातून येताना पाऊस लागला की लोक तिथे थांबतात. छंगयांगच्या पुलाचं काम १९१२ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षांहून जास्त लागली. आसपासच्या गावांनी लाकूड, धान्य, मजुरी दिली. नदीत दगडी खांब, त्यांवर अख्खे ओंडके एकावर एक थोडे थोडे पुढे सारत नेलेले, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर कमी होत जातं. त्यावर चालायची वाट आणि पाच मनोरे. मनोऱ्यांचं वजन नेमकं दगडी खांबांच्या डोक्यावर येतं, त्यामुळे ओंडक्यांची शेपटं दाबून राहतात. ते मनोरे शोभेचे वाटतात, पण ते काढले तर पूल हलका होईल आणि डगमगेल. हे लक्षात आल्यावर मी पुलावर बसून राहिलो, पुढे कुठे गेलोच नाही.

१९८३ च्या पुरात त्याचा काही भाग वाहून गेला होता, तो परत बांधला. आणि लिपिंग तालुक्यात दीपिंग गावाचा असाच जुना पूल २००४ च्या पुराने नेला. तेव्हा गावकरी पुराच्या पाण्यामागे खालपर्यंत धावले आणि पुलाची लाकडं नदीतून ओढून काढली. कुठली तुळई कुठची हे त्यांना ठाऊक होतं. त्याच लाकडांतून पूल पुन्हा उभा राहिला. रमाताई, या लोकांचं आपल्या पुलाशी असलेलं नातं तिकिटाने कमी-जास्त होत नाही.

रोखठोक_रमा

पुलाचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. दुसरा मुद्दा मागे घेते. पहिला अजून तसाच.

अण्णा_भातवाले

मी इगतपुरीकडचा, भाताचा शेतकरी. प्रवास वगैरे माझा विषय नाही, पण हे डोंग लोक भाताच्या खाचरात मासे आणि बदकं एकत्र पाळतात असं ऐकलंय. कोणाला नीट माहिती आहे का? आमच्याकडे बदकं सोडली तर रोपं राहतील का, हा प्रश्न आहे.

शेन्झेनकर

अण्णा, हे खरं आहे. त्सोंगच्यांगच्या डोंग गावांच्या या पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान दिला. माझी बायको शेतीची पदवीधर आहे, तिने गावात विचारून घेतलेलं सांगतो.

सगळं वेळेच्या हिशोबावर चालतं. लावणीच्या सुमारास खाचरात माशाची बोटुकली सोडतात. तेव्हा बदकं आत नाहीत, नाहीतर मासे संपले. मासा बदकाच्या चोचीत मावणार नाही एवढा झाला आणि रोपं मूळ धरून उभी राहिली की बदकं आत येतात, तीही आधी लहान. बदकं किडे आणि तण खातात, पाणी ढवळतात, दोघांची विष्ठा खत होते. कापणीआधी पाणी काढलं की मासे खाचरातल्या खोल खड्ड्यात गोळा होतात, तिथून पकडतात. डोंगरउतारावरच्या या खाचरांत पाणी खोल ठेवतात, म्हणजे प्रत्येक खाचर म्हणजे एक छोटं तळंच. पाऊस उशिरा आला तरी तग धरतं.

अण्णा_भातवाले

समजलं. वेळ चुकली की सगळंच गेलं. आणि भात कुठला लावतात?

शेन्झेनकर

चिकट भात, सुगंधी. ताटं उंच असतात. कापणी विळ्याने नाही. तळहातात मावेल अशा छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडतात, जुड्या बांधतात आणि उंच लाकडी मांडवांवर वाळत टाकतात. पिवळ्या जुड्यांनी भरलेले ते मांडव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच दिसतात. मंजिरीताई, तुमचा महिना उत्तम आहे. फक्त १ ते ७ ऑक्टोबर टाळा, राष्ट्रीय सुट्टी असते, झाओशिंगमध्ये पाय ठेवायला जागा नसते. १५ तारखेनंतर जा.

अण्णा_भातवाले

एकेक लोंबी! आमच्याकडे आता कापायलाच माणूस मिळेना. त्यांच्याकडे कोण खुडतं?

शेन्झेनकर

म्हातारी माणसं आणि मधल्या वयाच्या बायका. तरुण मंडळी इकडे ग्वांगतोंग प्रांतातल्या कारखान्यांत. माझ्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकांपैकी एक जण लिपिंग तालुक्यातला डोंग आहे. वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला, गावी जातो.

चकली

खाण्याचा मुद्दा मागे पडला. आई काय खाणार?

भटकभवानी

लिहायचंच राहिलं. डोंग लोकांचं सगळं आंबट. त्यांच्यात म्हणतातच की डोंग माणूस आंबटाशिवाय राहत नाही. मडक्यात मुरवलेला मासा, मुरवलेलं मांस, मुरवलेल्या भाज्या. मासा तर मीठ, तिखट आणि चिकट भात लावून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मुरवतात आणि पाहुणा आला की काढतात. शाकाहारी माणसाला त्यातल्या भाज्या, टोफू, चिकट भात (हाताने गोळे करून खायचा), रताळी, भोपळा, रानभाज्या हे सगळं मिळतं. अडचण चरबीची: भाजी डुकराच्या चरबीत परततात. "वो छ सू" म्हणजे मी शाकाहारी, आणि "पू याओ जू यौ" म्हणजे डुकराची चरबी नको. ही दोन वाक्यं चिनी लिपीत कागदावर लिहून न्या, उच्चारावर विसंबू नका. जेवण घरात सांगितलं तर करून देतात. आमची घरमालकीण माझ्यासाठी वेगळी कढई घासून घ्यायची.

आणि तेलचहा चुकवू नका. चहाची पानं तेलात परतून कुटतात, पाणी घालून उकळतात, मीठ घालतात. वाडग्यात फुलवलेला तांदूळ, शेंगदाणे, सोयाबीन, त्यावर हा चहा. छंगयांगकडे तर घरोघरी. मात्र बनवताना तेल कुठलं ते विचारा.

चकली

चिवड्यात चहा! मी नाशिकलाच आज करून बघणार.

गाणारी_गार्गी

उशिरा आले, पण मुख्य प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, तो घेते. मी गाणं शिकवते आणि बहुस्वरी लोकगायनावर थोडा अभ्यास केलाय. २०२४ च्या उन्हाळ्यात आठ दिवस त्सोंगच्यांग तालुक्यातल्या शियाओह्वांग गावात राहिले होते.

आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे: "ह्या श्वास कधी घेतात?" उत्तर असं की सगळ्या एकदम घेत नाहीत. मोठ्या गाण्यात (त्याला तसंच म्हणतात, "मोठं गाणं") बहुतेक जणी खालचा सूर धरतात. तो तंबोऱ्यासारखा लांब चालतो. प्रत्येक जण आपापल्या वेळी चोरून श्वास घेते, त्यामुळे सूर कुठेच तुटत नाही. वरचा आवाज एक किंवा दोघी-तिघी आळीपाळीने घेतात. ऐकणाऱ्याचं लक्ष वरच्या आवाजाकडे जातं. पण त्यांच्या लेखी गाणं खालच्या सुरात असतं, वरचा त्यावर चढवलेला. शब्दांनंतर लांबलचक स्वर येतात, त्यांत रातकिडे, सिकाडा (झाडांवर किर्र करणारे किडे), पाणी, पक्षी. सिकाडांचं गाणं ऐकताना मला आमच्या आंबोलीची जूनमधली संध्याकाळ आठवली.

१९८६ मध्ये या भागातल्या नऊ मुली पॅरिसला एका महोत्सवात गायल्या, तेव्हा बाहेरच्या जगाला हे पहिल्यांदा नीट कळलं. तोपर्यंत चिनी लोकसंगीतात असं बहुस्वरी गाणं नाही, असंच पुष्कळ अभ्यासक मानत. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत ते आलं.

आता "खरंखुरं" म्हणजे काय? मोठं गाणं एका मंडळाने श्रोत्यांसमोर गायचं नसतंच. एका शाखेच्या मुली, दुसऱ्या शाखेची किंवा दुसऱ्या गावची मुलं. ढोल-मनोऱ्यात शेकोटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचं. एकांनी गायचं, दुसऱ्यांनी उत्तर द्यायचं. रात्रभर. प्रश्नाला उत्तर आलं नाही तर गाणं पुढे सरकतच नाही. झाओशिंगच्या स्टेजवर सूर खरे असतात, गाणाऱ्याही गावच्याच, पण समोरची बाजू नसते. टाळ्या हे उत्तर नाही. माझ्या मते या गाण्याला धोका पर्यटकांपासून कमी आहे. धोका आहे तो समोर बसून उत्तर देणारी मुलं ग्वांगतोंगच्या कारखान्यात असण्याचा. म्हणून अशी बैठक आता मुख्यतः नववर्षाच्या दिवसांत होते, सगळे गावी आलेले असतात तेव्हा.

शियाओह्वांगमध्ये शाळेतली मुलं वयोगटांनी मंडळं करून एका गानगुरूबाईंकडे शिकतात. कागद नाही, बाई एक ओळ म्हणतात, मुलं ती उचलतात. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले होते. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला खालच्या सुरात घेतलं. एका लहान मुलीने श्वास कधी चोरायचा ते मला कोपराने ढोसून शिकवलं.

मंजिरी_नाशिक

गार्गीताई, हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "कोपराने ढोसून" वर ती एवढी हसली! म्हणाली, आमच्या मंडळातही नव्या बाईला असंच शिकवतो आम्ही.

पण आता माझी पंचाईत झाली. ऑक्टोबरमध्ये समोरासमोरची बैठक मिळणार नाही, आणि चिनी नववर्षाला गर्दी, थंडी.

रोखठोक_रमा

गार्गी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या पहिल्या मुद्द्याला त्यात उत्तर आहे असं वाटतंय, पण नीट सांगता येत नाही. पाहुण्याकडून ते काही अपेक्षा करतात का? नुसतं बघण्यापलीकडे?

गाणारी_गार्गी

करतात! चांगलं विचारलंत.

पाहुण्यांचं मंडळ येणार असेल तर गावच्या बायका वेशीवर वाट अडवतात. सूतकताईचा चरखा, बाकं, झाडाच्या फांद्या, जे हाताला लागेल ते रस्त्यात ठेवतात. मग गाऊन विचारतात: का आलात, आज गावात बाहेरच्यांना मज्जाव आहे, कसे आत घेऊ? पाहुण्यांनी गाऊन उत्तर द्यायचं. प्रत्येक उत्तराला एक वस्तू बाजूला होते. शेवटी वाट मोकळी आणि तांदळाची दारू. पर्यटकांसाठी याचं छोटं रूप करतात, त्यात दारूच उरते. पण मी शियाओह्वांगमध्ये घरी जेवताना दारूला हात जोडले आणि त्याऐवजी भीमपलासीतली एक बंदिश म्हटली, तर ताट पुढे सरकवून सगळे ऐकत बसले. मग घरच्या आजींनी उत्तर दिलं. मग मी परत. रात्रीचे अकरा वाजले. तेवढी एक रात्र मी खरं मोठं गाणं ऐकलं असं म्हणेन, जरी ते मोठं गाणं नव्हतं.

रोखठोक_रमा

मिळालं उत्तर. धन्यवाद.

सह्यभ्रमर

थोडं विषयांतर. लिपिंग शहरातून जाणार असाल तर एक गोष्ट: १९३४ च्या डिसेंबरात लाँग मार्चच्या (लाल सेनेच्या लांबलचक माघारीच्या) वाटेवर कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्यांची महत्त्वाची बैठक तिथे झाली होती. ते घर जपून ठेवलंय. इतिहासाची आवड असेल तर बघा.

टिचकी

एवढी सगळी लाकडी घरं एकमेकांना खेटून, आणि घरात उघडी चूल. आगीचं काय?

सुतारपक्षी

तीच या गावांची जुनी भीती. २०१४ च्या जानेवारीत ग्वेइचौमधल्या बाओजिंग नावाच्या डोंग गावात एका रात्रीत शंभराहून जास्त घरं जळाली. गावागावांत रात्री कोणीतरी घंटा वाजवत "चूल विझवा, निखारे झाका" असं ओरडत फिरायची जुनी रीत आहे. भाताची कोठारं घरापासून दूर, तळ्याच्या पाण्यावर खांब रोवून बांधतात, म्हणजे घर गेलं तरी दाणे राहतील, आणि उंदीरही चढत नाहीत. ह्वांगकांग गावात अशी कोठारांची रांगच आहे. मुक्कामाच्या खोलीत अगरबत्ती-निरांजन लावू नका, एवढं आईंना आधीच सांगा. मी स्वतः डासांची कॉईल लावली आणि घरमालक धावत आला. त्याचा चेहरा अजून विसरलो नाही.

भटकभवानी

सुतारपक्षी, बरी आठवण केलीत.

आणखी एक: सकाळी गावात धप धप असा आवाज ऐकू येईल. बायका दगडावर ठेवलेलं कापड लाकडी हातोड्यांनी कुटत असतात. निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेलं कापड, त्याला अंड्याचा पांढरा बलक लावतात, परत कुटतात, आणि त्यावर ती तांबूस-जांभळी चमक येते. आईंना फोनवर दिसलेले कपडे तेच. एक कापड तयार व्हायला महिने लागतात, त्यामुळे भाव करताना फार घासाघीस करू नका.

मंजिरी_नाशिक

आईला अंड्याचं सांगितलं. ती म्हणाली, खायचं थोडंच आहे.

शेन्झेनकर

आता मूळ प्रश्न: झाओशिंग की छंगयांग. ताई, निवड करायची गरजच नाही. छंगयांगसाठी सानच्यांग दक्षिण स्टेशन, तेही त्याच रेल्वेवर. त्सोंगच्यांगहून अर्ध्या तासाच्या आत. ग्वांगचौहून आलात तर वाटेत आधी सानच्यांग लागतं. भारतातून कोलकाता-ग्वांगचौ थेट विमान २०२५ च्या ऑक्टोबरात परत सुरू झालंय. माझं मत: छंगयांगला एक रात्र पुलासाठी, मग झाओशिंगला दोन रात्री, आणि तिथून वरच्या डोंगरावर तांगआन. तांगआनपर्यंत गाडी जाते, आईंना चढायचं नाही. नॉर्वेच्या मदतीने तिथे परिसर-संग्रहालय केलंय, म्हणजे गाव आहे तसं ठेवून त्यालाच संग्रहालय मानायचं. खाली सगळी भाताची खाचरं.

शियाओह्वांगला रस्ता वळणावळणाचा आहे, पण गाडी करून एक दिवस जाता येईल.

गुगल चालत नाही, नकाशे आधीच उतरवून घ्या. पैसे सगळे फोनवरून देतात. अलीपेला आपलं कार्ड जोडता येतं, ते घरूनच करून निघा. मी एका कंपनीची सहल घेऊन गेलो होतो पहिल्यांदा, त्यांनी झाओशिंगला दीड तास दिला होता. दीड तास! नंतर स्वतः परत गेलो.

अण्णा_भातवाले

ताई, मूठभर इंद्रायणी न्या सोबत. पेरायला नको, नियम असतील. शिजवून द्या त्यांना.

शेन्झेनकर

अण्णा, कच्चा तांदूळ चीनमध्ये नेऊ नका. विमानतळावर काढून घेऊ शकतात.

अण्णा_भातवाले

मग फोटो न्या.

गाणारी_गार्गी

शेन्झेनकरांचा बेत छान आहे, पण मी शियाओह्वांगला एक दिवस नाही, एक रात्र म्हणेन. गाणं दिवसा होत नाही. जेवणं झाली, भांडी घासून झाली, की मग माणसं बसतात. ऑक्टोबरमध्ये मुलगे नसले तरी बायका आणि म्हाताऱ्या असतात, आणि शाळेची मुलं असतात. मंजिरी, मला व्यक्तिगत निरोप करा, मी राहिले होते त्या घराशी बोलून देते.

आईंना विचारा, त्या तिथे काय गातील? वाट अडवली तर उत्तर तयार हवं.

मंजिरी_नाशिक

आत्ताच विचारलं. मला वाटलं अभंग म्हणेल. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अभंग मंडळात असतो, टाळ लागतात. तिथे एकटीने म्हणायचंय ना? मग जात्यावरची." माझ्या आजीच्या ओव्या. तिने त्या गेल्या चाळीस वर्षांत घरात म्हटल्या नव्हत्या, मी तरी ऐकल्या नव्हत्या. आज दुपारी स्वयंपाकघरात दोन म्हणून बघितल्या. दुसऱ्या ओवीचा शेवट आठवेना, तर मावशीला मालेगावला फोन केला. मावशीने फोनवर पुरी करून दिली. मग दोघी अर्धा तास आळीपाळीने म्हणत बसल्या.

ठरलं आमचं: १७ ऑक्टोबरला निघायचं. छंगयांग एक, झाओशिंग दोन, शियाओह्वांग दोन रात्री. मावशीही येतेय. गार्गीताई, निरोप केलाय.

सुतारपक्षी

पुलावर बसाल तेव्हा वर बघा, मनोऱ्याच्या आतून. माझ्यातर्फे.

चकली

तेलचहा केला. दुसऱ्या वाडग्यापासून आवडायला लागतो. शेंगदाणे जास्त घाला.

शेन्झेनकर

मावशी येतायत तर तीन तिकिटं. रेल्वेची विक्री पंधरा दिवस आधी उघडते, सानच्यांगची लवकर संपतात. १ ऑक्टोबरच्या आसपास मला आठवण करा, मी इथून काढून ठेवतो.